जिमचं तोंड न पाहता बेटकुळी!

दंड, बैठका, माती, सागाचा खांब आणि समोरचा दणकट गडी. पैलवानी शरीराच्या काही चटकदार गोष्टी, थेट पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यातून.

पोळ्याची कर. गावाबाहेरच्या मैदानात डफडं घुमतंय. पोरासोरांच्या नारळावरच्या कुस्त्या उरकल्या आणि मोठ्या जोड्या लागायला लागल्या. एका पोराने सदरा काढला, तशी गर्दीत कुजबुज सुरू झाली.

"काय बॉडी हाय बे! कोन्त्या जिममंदी जाते?"

"जिम कायची घेऊन बसला? सकाळी आखाड्यात जाते, दिवसभर वावरात जाते. झालं!"

यवतमाळ जिल्ह्यात हा संवाद कुठेही कानावर पडू शकतो. यवतमाळ शहरात तर आखाड्याच्या नावाचा चौकच आहे, हनुमान आखाडा चौक. आता गल्लोगल्ली काचेची दारं आणि मोठ्याने वाजणारी गाणी घेऊन जिम उघडल्यात. पण डंबेल, बारबेल आणि पुली जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून लढणारी माणसं पिळदार होतीच. ती कशी? चला, लांग कसा आणि उतरा मातीत.

१. स्नायूला लोखंड ओळखता येत नाही

तुमच्या दंडाच्या स्नायूला डोळे नाहीत. समोर चकाकता डंबेल आहे, विहिरीची बादली आहे की खालची जमीन आहे, त्याला काही कळत नाही. त्याला फक्त ताण कळतो. ताण पुरेसा पडला, तो स्नायू थकेपर्यंत टिकला आणि नंतर जेवण-झोप मिळाली, की स्नायू जाड व्हायला लागतो.

हलकं वजन जास्त वेळा उचललं आणि स्नायू 'आता नाही' म्हणेपर्यंत उचललं, तर त्याची वाढ जड वजनाइतकीच होऊ शकते, असं अभ्यासांत दिसून आलंय. एका दमात जास्तीत जास्त वजन उचलायची ताकद मात्र जड वजनानेच अधिक वाढते. म्हणजे वजन उचलायच्या स्पर्धेला लोखंड हवंच, पण छाती-खांदे भरायला स्वतःचं शरीरही चालतं.

२. शंभर दंड म्हणजे २९ गाठी

कुठे जोर म्हणतात, कुठे दंड. दोन्ही तळवे जमिनीला, कंबर वर, मग छाती जमिनीला घासत पुढे झेप आणि नागासारखी मान वर. या प्रकारात हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भार येतो. ७५ किलोच्या गड्याचा धरू किमान ५० किलो.

आता हिशेब करा. शंभर दंड म्हणजे ५,००० किलो. आपल्याकडे कापसाची एक गाठ १७० किलोची. म्हणजे शंभर दंड मारणाऱ्याने सकाळी चहाच्या आधी जिनिंगच्या आवारातल्या २९ गाठींएवढा भार खालीवर केला! हमाली मात्र कुणी देत नाही.

३. एसटी अमरावतीला पोचली, बैठका चालूच

गामा पैलवान रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार दंड मारायचा, असं सांगतात. आखाड्यातल्या कथेचे आकडे पैलवानाच्या खुराकासारखेच असतात, दर पिढीला थोडे वाढतात. पण घटकाभर खरं मानू. एका बैठकीला दोन सेकंद धरले, तरी पाच हजार बैठकांना पावणेतीन तास लागतील. तेवढ्या वेळात एसटी यवतमाळहून निघून नेरमार्गे अमरावतीला पोचेल, तुमचा चहा होईल आणि गामा अजून बैठकाच मारत असेल.

आकडा खरा असो वा खोटा, दम मात्र खरा होता. १९१० मध्ये लंडनला स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि बरोबरीत सुटली. पुढच्या लढतीला झिबिस्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळ्याला दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत निकाल लावला.

४. पहिला डाव: फावडं

नव्या पोराला वाटतं, आज वस्ताद धोबीपछाड शिकवणार. वस्ताद त्याच्या हातात फावडं देतो. आखाड्याची माती रोज उकरून भुसभुशीत करायची, हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त व्यायाम. वाकायचं, फावडं घुसवायचं, ओढायचं. पाठ, कंबर, खांद्यामागचे स्नायू आणि मनगट, सगळ्यांना एकदम काम.

यात वस्तादाचाही फायदा असतो. आखाडा आपोआप तयार होतो आणि कुणाच्या अंगात किती पाणी आहे, तेही पहिल्याच दिवशी कळतं.

५. आमची काळी आई आखाड्यात चालत नाही

कापसाला लाडकी असलेली काळी कसदार माती कुस्तीशी मात्र दावा मांडते. भिजली की पायाला चिकटून किलोकिलोचे गोळे होतात, वाळली की भेगा पडतात आणि ढेकळं दगडासारखी होतात. त्यावर कुणी पडला तर चितपट होण्याऐवजी थेट दवाखान्यात. म्हणून आखाड्याला लागते लाल, बारीक चाळलेली माती. त्यात तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर असं काय काय मिसळून ती मऊ ठेवतात.

हा मऊपणाच छुपा मास्तर आहे. मऊ वाळूवर चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त आणि धावायला साधारण दीडपट ऊर्जा लागते, असं मोजलं गेलंय. आखाड्याची माती वाळूइतकी सैल नसते, पण पाय तिच्यातही रुततोच. तिथे रेटारेटी करणाऱ्याच्या पोटऱ्या आणि मांड्या उगाच नाही भरत!

६. बोंड आमचंही, खांबाचंही

यवतमाळात बोंड म्हटलं की कापूस आठवतो. मल्लखांबवाल्याला बोंड म्हटलं की खांबाचा माथा आठवतो. पुरलेल्या मल्लखांबाच्या वरच्या गोल टोकाला बोंडच म्हणतात. त्याच्याखाली बारीक मान आणि मानेखाली जाड होत जाणारं अंग. जणू जमिनीत पुरलेला पैलवानच.

तो सागाचा किंवा शिसवीचा करतात, म्हणजे लाकडाच्या बाबतीतही आमचा जिल्हा मागे नाही. यवतमाळच्या जंगलांची ओळखच सागवान. खांबाला एरंडेल चोळतात, त्यामुळे तो गुळगुळीत राहतो आणि पकड ढिली पडली की खेळाडू सरळ खाली. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, ही नावं ऐकायला गोड. पण हातापायांच्या पकडीत खांब धरून हवेत आडवं राहून बघा, पोटाचे कोणकोणते स्नायू अस्तित्वात आहेत ते एका मिनिटात कळेल.

७. न दमणारा जोडीदार

मल्लखांब मुळात कुस्तीचा सराव म्हणून वाढला. माणूस जोडीदार असला तर तो दमतो, कुरकुरतो, लग्नाला गावाला जातो. खांब दमत नाही.

उत्तर पेशवाईत या विद्येला नवा जन्म दिला तो दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. कथा अशी सांगतात की निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या दोन मल्लांनी पुण्यात आव्हान दिलं. देवधरांनी सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन उपासना केली, तिथे मारुतीने त्यांना खांबावरचे डाव दाखवले आणि परत येऊन त्यांनी आव्हान परतवलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव कानपूरजवळ बिठूरला गेला आणि त्याच्यामागोमाग खांबही उत्तरेत पोचला.

८. नऊशे वर्षांपूर्वीचं वेळापत्रक

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोद नावाचा भागच आहे. मल्लांनी काय खावं, कसा सराव करावा, सगळं त्यात येतं.

त्यातल्या व्यायामांची नावं बघा: भारश्रम म्हणजे वजन, भ्रमणश्रम म्हणजे चालणं, सलिलश्रम म्हणजे पोहणं, स्तंभश्रम म्हणजे खांबावरची मेहनत. शिवाय हातांची रेटारेटी वेगळी. थोडक्यात, नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या पदरच्या मल्लालाही वजन माहीत होतं, पण ते ताटातल्या लोणच्याएवढं. जेवण दुसरंच होतं.

९. अमरावती व्हाया बर्लिन

यवतमाळहून शंभरेक किलोमीटरच्या आत, अमरावतीत, १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतरावांनी, एक व्यायामशाळा काढली. तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर गाजली. वऱ्हाडातल्या कितीतरी व्यायाम शिक्षकांची शिदोरी तिथलीच.

१९३६ मध्ये या मंडळाचं पथक बर्लिनला गेलं आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या जगासमोर मल्लखांबासह देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. यंत्रांच्या देशात जाऊन बिनयंत्राचं शरीर दाखवून आले आमचे लोक!

१०. वासरू वाढलं, पैलवानही वाढला

मायलो नावाच्या ग्रीक मल्लाची जुनी गोष्ट आहे. तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासरू वाढत गेलं, मायलोची ताकदही वाढत गेली आणि शेवटी तो अख्खा बैल उचलू लागला. पोळ्याच्या दिवशी बैलाची पूजा करणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट पटायला वेळ लागत नाही. फक्त प्रयोग करू नका, बैलाचं मत वेगळं असू शकतं.

आखाड्यातलं वासरू म्हणजे जोडीदार. आज ५५ किलोचा, पुढच्या वर्षी ६५ चा, मग ८० चा. आणि हे वजन गप्प राहत नाही. ते ढकलतं, निसटतं, उलटा डाव टाकतं. एरवी पाचशे बैठका सहज निघायला लागल्या की मांड्या फुगत नाहीत, फक्त दम वाढतो. तिथे पुढची वाढ करून घेतो तो हा जिवंत, हलणारा, घामाने निसरडा झालेला डंबेल. त्याला खांद्यावर घेऊन पळायचं, पाठीवर बसवून दंड मारायचे आणि शेवटी त्याच्याशीच लढायचं.

११. पराटी उपटणारे हात

पैलवानाचं हस्तांदोलन कधी अनुभवलंय? मनगटाखालचा भाग लाकडासारखा लागतो. कुस्तीत हात, मान, मांडी जे सापडेल ते धरून ठेवावं लागतं, म्हणून पकड आपोआप घडते.

आपल्याकडे याची शिकवणी वावरात मोफत मिळते. कापूस वेचून झाला की पराट्या उपटायच्या. वाकून, बुंधा घट्ट धरून, पाय रोवून, कंबरेतून हिसका. जमीन कोरडी असेल तर पराटी जागची हलत नाही आणि तुम्ही नुसते ताणत राहता. न हलणाऱ्या गोष्टीवर लावलेला असा जोर, हाही स्नायू घडवायचा एक पक्का मार्ग आहे. कुस्तीत समोरच्याला कस देऊन धरून ठेवतात, तेव्हा नेमकं हेच होतं. बाहेरून दोघे पुतळ्यासारखे दिसतात, आत सगळं पेटलेलं असतं.

१२. मान मिळवायची तर मान हवी

सदऱ्याची कॉलर न बसणं ही पैलवानाची जुनी तक्रार. खडाखडीत समोरचा सतत मानेला हात घालून खाली ओढतो आणि हा ती ताठ ठेवतो. शिवाय डोकं मातीला टेकवून शरीराची कमान करण्याचा सराव. मग मान आणि खांदे यांच्यातली हद्दच पुसली जाते.

कानाची गोष्ट वेगळी. घासून, दाबून कानाच्या कुर्चेपाशी रक्त साकळतं, वेळेवर काढलं नाही तर तिथे गाठ होऊन कान कायमचा मोडतो. तो व्यायाम नव्हे, इजाच. तरी आखाड्यात मोडलेला कान पदवीसारखा मिरवतात.

१३. आधी मेंदू पैलवान होतो

आखाडा सुरू करून तीन आठवडे झाले, पोरगा आरशासमोर दंड वळवतो आणि हिरमुसतो. बेटकुळी तेवढीच! पण दंड मात्र दहाचे पंचवीस झालेले असतात. हे कसं?

सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती प्रामुख्याने मज्जासंस्थेमुळे. आहेत त्याच स्नायूंतले तंतू जास्त संख्येने आणि एका तालात कामाला लावायला मेंदू शिकतो. गावात माणसं तेवढीच, पण सरपंच कामाचा निघाला, तसं. स्नायूंची जाडी नंतर, महिन्यांच्या हिशेबात वाढते. नेमक्या या मधल्या काळातच बरेच शिष्य आखाडा सोडतात.

१४. बदामाचं कडू गणित

पैलवान म्हटलं की बदाम. पण हिशेब बघा. दहा बदामांत प्रथिनं असतात साधारण अडीच ग्रॅम. मूठभर म्हणजे ५० ग्रॅम हरभरा भिजत घातला, तर त्यात मिळतात साधारण दहा ग्रॅम. किंमत कितीतरी कमी आणि हरभरा आपल्याच वावरातला! तुरीच्या डाळीतही शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात.

जोरदार मेहनत करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज दीड ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं पुरतात, असं आजचं आहारशास्त्र सांगतं. ७० किलोच्या गड्याला ११० ग्रॅमच्या आसपास. भाकर, वरण, भिजवलेला हरभरा, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून ती जुळवता येतात. बदाम खा, चवीला छान असतात. पण शरीर 'बदामाचं' असतं, ही आखाड्यातली काव्यमय अतिशयोक्ती.

१५. "मुद्गल म्हणजे वजन नाही का, भाऊ?"

आहे की! चोख प्रश्न. गदा, मुद्गल, करेल, ही आखाड्यातली वजनंच. पण त्यांचं वजन एका टोकाला असतं आणि ती फिरवायची असतात. पाच-सात किलोचा मुद्गल खांद्यामागून फिरवताना मनगटाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वाटतो. त्यामुळे खांदे नुसते भरत नाहीत, मोकळेही राहतात.

इंग्रजांना हा प्रकार इतका आवडला की त्यांनी तो उचलून युरोपात नेला. पुढे १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये चक्क मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती! १९३२ मध्ये सुवर्णपदक मिळालं अमेरिकेच्या जॉर्ज रॉथला. मंदीचा काळ होता, गडी बेकार होता. पदक घेऊन तो स्टेडियमबाहेर आला आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात दाखवत घरी गेला. त्याच ऑलिंपिकमध्ये दोर चढण्याचीही स्पर्धा होती. दोन्ही खेळ त्यानंतर ऑलिंपिकमधून गायब झाले. आपल्या आखाड्यांत मात्र दोर अजून लोंबकळतोय.

१६. सिमेंटच्या पोत्याएवढा, पण ऑलिंपिकवीर

पिळदार म्हणजे अवाढव्य, असा आपला समज. खाशाबा जाधवांनी तो १९५२ मध्येच मोडला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी हेलसिंकीला ५७ किलो गटात लढला आणि कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ५७ किलो म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून जेमतेम सात किलो जास्त!

वजनगटात लढणाऱ्याला प्रत्येक किलोचा जाब द्यावा लागतो. उगाच फुगवलेला स्नायू म्हणजे वरच्या गटात जाऊन तगड्या माणसाचा मार खाणं. म्हणून त्याचं शरीर आखडून, पिळून, कामापुरतं घडतं. चरबी कमी असल्याने तेच जास्त उठून दिसतं.

१७. सावकाश उतरा

खांबावरून, दोरावरून किंवा दंडातून खाली येताना घाई करू नका, असं वस्ताद ओरडतो. त्यात शास्त्र आहे. स्नायू ताणला जात असतानाही जोर लावत राहिला, तर तो जास्त ताण पेलतो. वर जाताना एक सेकंद आणि खाली येताना तीन सेकंद घेऊन दहा दंड मारा. एरवी सहज चाळीस मारणाऱ्यांनाही आठव्याला देव आठवतो. पहिल्यांदा करणाऱ्याचं अंग दुसऱ्या दिवशी असं दुखतं की दात घासायला हात वर जात नाही. कमी मारा, रोज मारा.

१८. सुमोवालाही बैठकांचाच भक्त

जपानचा सुमो मल्ल पाहून वाटतं, हा फक्त जेवतो. पण तो रोज पाय उंच बाजूला नेऊन जमिनीवर आपटण्याचा 'शिको' नावाचा व्यायाम शेकड्यांनी करतो आणि 'तेप्पो' म्हणजे लाकडी खांबावर तळव्यांचे तडाखे देतो. खांब, जमीन आणि स्वतःचं वजन. आपला मल्लखांबवाला त्याला भेटला तर दुभाषा लागणार नाही.

१९. पोरी मातीत उतरल्या

मल्लखांब म्हणजे पुरुषी खेळ, हेही आता जुनं झालं. दोरीच्या मल्लखांबावर मुली पायाच्या अंगठ्यात दोर धरून जे करतात, ते पाहून भलेभले पैलवान टोपी काढतात. सांगलीत २०२३ मध्ये पहिल्यांदा महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि गदा उचलली प्रतीक्षा बागडीने. मुलींचे स्नायू मुलांएवढे जाड होत नाहीत, कारण संप्रेरकं वेगळी. पण ताकद टक्क्यांत मोजली, तर त्यांची वाढही मुलांच्याच तोडीची होते. 'पोरगी पैलवानासारखी दिसेल' ही धास्ती घेणाऱ्या आज्यांनी निवांत राहावं.

२०. "पैलवानी सुटली, मसलची चरबी झाली"

नाही झाली. स्नायू वेगळा, चरबी वेगळी. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही, जसा ज्वारीचा कापूस होत नाही. होतं काय, की आखाडा सुटतो पण खुराक सुटत नाही. मेहनत थांबली म्हणून स्नायू उतरतात, आणि तूप-दूध चालूच राहिलं म्हणून पोट चढतं. दोन्ही एकाच वेळी घडतं, म्हणून एकाचं दुसरं झाल्यासारखं वाटतं.

२१. आखाडा तोंडात बसलाय

तालीम हा शब्द अरबी, त्याचा अर्थ शिक्षण. म्हणजे तालमीत जाणारा पोरगा शब्दशः शाळेतच जातो, आईला सांगायला हरकत नाही. पैलवान आणि वस्ताद हे शब्द फारसीतून आले, तर आखाडा थेट संस्कृतातल्या अक्षवाटातून. आणि शड्डू ठोकणं, डावपेच, चितपट, धोबीपछाड, नुरा कुस्ती, अस्मान दाखवणं? निवडणुकीच्या दिवसांत कुठलंही वर्तमानपत्र उघडा. ज्यांनी जन्मात एक बैठक मारली नाही, ते पहिल्या पानावर रोज आखाड्यात उतरलेले असतात.

२२. आणि शेवटी, सरकी

मग आजचे पैलवान जिमला जात नाहीत? जातात. मॅटवरची कुस्ती सहा मिनिटांची, वेगाची. तिथे वजनांचा सराव लागतोच आणि मोठ्या प्रशिक्षण केंद्रांत तो होतोच. आखाड्यात गेलेल्या प्रत्येकाची बेटकुळी फुगते असंही नाही. दंगलीत आपल्याला दिसतात ते टिकलेले. ज्यांचे गुडघे-खांदे गेले, ते कडेला बसून डफडं ऐकत असतात.

पण जिम आणि आखाडा यांत एक फरक राहतोच, आणि तो यवतमाळकराला जिनिंगच्या भाषेत पटकन कळेल. शंभर किलो कापूस यंत्रात टाकला की रुई निघते तेहेतीस-चौतीस किलो. उरलेली बहुतेक सरकी. कापूस पेरला जातो रुईसाठी, पण वजनात सरकीच जास्त भरते आणि तिचंही तेल निघतं, ढेप होते, काही वाया जात नाही.

जिममधला गडी शरीर पेरतो आणि शरीरच काढतो. आखाड्यातला गडी पेरतो कुस्ती. समोरच्याची पाठ मातीला लावायची, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. छाती, खांदे, मांड्या ही त्याची सरकी. न मागता आलेली, पण तराजूत सगळ्यात जास्त भरणारी.

तिकडे मैदानात शेवटच्या कुस्तीचा निकाल लागलाय. जिंकलेला पोरगा अंगावरची माती न झाडताच नारळ आणि इनाम घेऊन गर्दीतून वाट काढतोय. कुणीतरी पुन्हा विचारतंच, "काय खाते गा तू?"

"भाकर," तो म्हणतो, "अन् वस्तादाचा मार."